खाकी गणवेशातील मातृत्व : प्रसूती रजा आणि दत्तक मातेची रजा

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमीला मोठा इतिहास आहे. १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्डे येथे सुरू झालेली ही प्रशिक्षणसंस्था १९०९ साली नाशिकला आली. तेव्हापासून पोलीस अधिकाऱ्यांच्या अनेक पिढ्या येथे घडल्या. प्रारंभीच्या कित्येक दशकांत येथील कवायतीच्या मैदानावर केवळ पुरुषांचीच पावले उमटत. आज दीक्षान्त संचलनात तरुणीही तितक्याच ताठ मानेने पावले टाकताना दिसतात. १९९४ च्या राज्य महिला धोरणानंतर शासकीय सेवेत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवण्याचे तत्त्व रूढ झाले आणि पोलीस दलाची दारे स्त्रियांना अधिक विस्ताराने उघडली. जानेवारी २०२४ मध्ये श्रीमती रश्मी शुक्ला यांनी राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक म्हणून सूत्रे स्वीकारली.

मात्र सेवेत प्रवेश मिळणे आणि सेवेत सन्मानाने टिकून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरुण वयात भरती झालेल्या महिला शिपायाच्या किंवा उपनिरीक्षकाच्या आयुष्यात पहिल्या काही वर्षांतच मातृत्वाचा प्रसंग येतो. त्या वेळी नियम तिला काय देतात, ते कसे मिळवावयाचे आणि ते देताना वरिष्ठांची जबाबदारी कोणती, याची माहिती तिला व तिच्या कुटुंबियांना असणे अगत्याचे आहे.

'सदैव कर्तव्यावर'

पोलिसाची नोकरी इतर शासकीय नोकऱ्यांसारखी नाही. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम २८ अन्वये प्रत्येक पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. राज्याच्या कोणत्याही भागात त्याची नेमणूक होऊ शकते. सण आला की इतरांना सुट्टी मिळते आणि पोलिसांना बंदोबस्त लागतो. नाशिककरांना तर हे सांगावयास नको. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तापर्यंत पोलिसांना अहोरात्र उभे राहावे लागले. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या बंदोबस्ताचा भारही याच दलावर आहे.

त्यातच महिला पोलिसांची गरज कायद्यानेच निर्माण केलेली आहे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यावी, अटकेच्या वेळी पुरुष पोलिसाने सर्वसाधारणपणे स्त्रीच्या शरीरास स्पर्श करू नये, हा दंडक जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही तो कायम ठेवला. अत्याचारपीडित स्त्रीचा जबाब नोंदविण्यासाठीही महिला अधिकारी लागते. पेठ, सुरगाणा यांसारख्या दूरच्या तालुक्यातील ठाण्यात महिला कर्मचारी मोजक्याच असतील, तर त्यांतील एक रजेवर गेली की हजेरीपटावर पोकळी जाणवते. 'मी गेले तर माझ्या मैत्रिणीवर रात्रपाळीचा बोजा पडेल' या संकोचापोटी एखादी कर्मचारी शेवटच्या आठवड्यापर्यंत काम ओढत राहते. हा संकोच समजण्यासारखा आहे, पण तो योग्य नाही. ठाण्यातील मनुष्यबळाची व्यवस्था लावणे हे प्रशासनाचे काम आहे. त्याची किंमत गरोदर स्त्रीने आपल्या प्रकृतीने चुकवावी, अशी नियमांची मुळीच अपेक्षा नाही.

मुंबई प्रांताचा वारसा

प्रसूती रजेचा विचार या भूमीला नवा नाही. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पहिल्याच वर्षी कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिसंरक्षणाचा करार संमत केला. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात तशा आशयाचे विधेयक आणले, परंतु ते संमत होऊ शकले नाही. पुढे मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न प्रांतिक विधिमंडळात आला. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे प्रसूती लाभाच्या विधेयकाचे समर्थन केले. प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरच्या काळात मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा भार शासनानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. अशा प्रकारचा तो देशातील पहिला कायदा होय.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद ४२ ने कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती आणि प्रसूतिसाहाय्य यांची तरतूद करण्याचे दायित्व राज्यावर सोपविले. १९६१ साली संपूर्ण देशासाठी प्रसूती लाभ अधिनियम झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने त्यातील रजेची मुदत १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली. शासकीय सेवकांचे रजाविषयक नियम स्वतंत्र असले, तरी त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे.

प्रसूती रजा : नियम काय सांगतो ?

राज्य सेवेतील महिला पोलीस शिपायापासून वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यातील नियम ७४ प्रसूती रजेचा आहे. पूर्वी ही रजा ९० दिवसांची होती. २४ ऑगस्ट २००९ च्या शासन निर्णयाने ती १८० दिवस करण्यात आली. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. १८० दिवसांच्या मुदतीचे मर्म त्यावरून सहज ध्यानात येते.

या रजेची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे आहेत. पहिले असे की, ती रजा लेख्यात खर्ची पडत नाही. म्हणजे कर्मचाऱ्याच्या खात्यावर साठलेली अर्जित रजा किंवा अर्धवेतनी रजा तशीच शिल्लक राहते. दुसरे, रजेवर जाण्यापूर्वी जे वेतन मिळत होते, त्यानुसारच रजा वेतन मिळते. तिसरे, या रजेला जोडून अन्य प्रकारची रजा घेता येते. चौथे, गर्भपात झाल्यास वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे सहा आठवड्यांपर्यंत रजा मिळू शकते. या शेवटच्या तरतुदीची माहिती अनेकींना नसते. तशा दुःखद प्रसंगी दोन-चार दिवसांची किरकोळ रजा टाकून त्या पुन्हा कामावर उभ्या राहतात. तसे करण्याचे कारण नाही.

दिवस मोजताना सुट्ट्या वगळल्या जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. १ जून रोजी सुरू झालेली १८० दिवसांची रजा २७ नोव्हेंबर रोजी संपते आणि २८ नोव्हेंबरला कामावर हजर व्हावे लागते.

रजेला एक महत्त्वाची अट आहे ती हयात अपत्यांच्या संख्येची. दोन अपत्यांच्या मर्यादेत ही सवलत दिली जाते. शिवाय २००५ च्या लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाच्या नियमांमुळे शासकीय सेवेत प्रवेशासाठीही दोन अपत्यांची मर्यादा आहे. सेवेत कायम न झालेल्या कर्मचाऱ्यांबाबत सेवेच्या अवधीनुसार वेगळ्या अटी आहेत. नव्याने भरती झालेल्या तरुणींनी आपल्या बाबतीतील स्थिती आस्थापना शाखेकडून आधीच समजून घ्यावी.

दत्तक मातेची रजा

मातृत्व केवळ प्रसूतीनेच येते असे नाही. दत्तक घेतलेले बालक घरी येते, त्या दिवशी त्या घराचा दिनक्रम नव्याने सुरू होतो. बाळ आईच्या उदरातून आलेले नसल्याने तिला शारीरिक विश्रांतीची गरज नाही, असा युक्तिवाद कोणी करील. परंतु रजेचे प्रयोजन दुहेरी आहे. मातेच्या शरीराची झीज भरून येणे हे एक, आणि बालकाला मायेची सवय होणे हे दुसरे. संस्थेतून आलेल्या बालकाला नवा आवाज, नवा स्पर्श, नवे घर ओळखीचे व्हावयास वेळ लागतो. किंबहुना थोड्या मोठ्या वयाच्या बालकाला तो अधिकच लागतो.

हे जाणून राज्य शासनाने मूल दत्तक घेणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांसाठी विशेष रजेची तरतूद स्वतंत्र शासन निर्णयांद्वारे केली आहे. रजेचा अवधी ठरविताना बालकाचे वय विचारात घेतले जाते. केंद्र शासनाच्या नियमांतही एक वर्षाच्या आतील बालक दत्तक घेणाऱ्या महिलेस १८० दिवसांची रजा आहे. दत्तक मात्र विधिवत झालेले असले पाहिजे. नात्यातील मूल केवळ सांभाळावयास आणले, एवढ्याने ही रजा मिळत नाही. बालक ताब्यात मिळाल्याचे मान्यताप्राप्त संस्थेचे पत्र आणि दत्तकाचा आदेश हे कागद जपून ठेवावेत. दत्तकाच्या बाबतीत बाळाच्या आगमनाची तारीख आधी निश्चित नसते. पुष्कळदा दीर्घ प्रतीक्षेनंतर अचानक बोलावणे येते. म्हणून दत्तकासाठी नाव नोंदविल्यावर आपल्या कार्यालयास पूर्वकल्पना देणे हितावह ठरते.

न्यायालयांची दृष्टी

सर्वसाधारण रजेविषयी नियम १० चे तत्त्व असे आहे की, रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेच्या निकडीपोटी ती नाकारता येते. पोलीस ठाण्यात हे तत्त्व नेहमी ऐकू येते. प्रसूतीच्या बाबतीत मात्र न्यायालयांनी सातत्याने उदार दृष्टी स्वीकारली आहे.

२००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय दिला. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोगसीद्वारे माता झालेल्या एका अध्यापिकेचे प्रकरण आले. तिला प्रसूती रजा नाकारण्यात आली होती. न्यायालयाने तिला रजेचा हक्क असल्याचे मान्य केले. ऑगस्ट २०२२ मध्ये चंडीगड येथील एका परिचारिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पतीच्या पूर्वविवाहातील अपत्यांच्या नोंदीमुळे तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळाची रजा हिरावून घेता येणार नाही. मे २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका शिक्षिकेच्या प्रकरणात याच न्यायालयाने प्रसूती रजा ही प्रजननविषयक हक्कांचा अविभाज्य भाग असल्याचे प्रतिपादन केले. नियमांतील शब्दांबरोबर त्यांचा हेतूही पाहावा, हे या निर्णयांचे सार आहे.

रजेनंतरचे दिवस

रजा संपते तेव्हा बाळ सहा महिन्यांचे असते. खरी कसोटी तेथून सुरू होते. २३ जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली आहे. अपत्य १८ वर्षांचे होईपर्यंत ती टप्प्याटप्प्याने घेता येते. पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यासही ती अनुज्ञेय आहे. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांना १९५५ चे अखिल भारतीय सेवा (रजा) नियम लागू असून त्यांत बालसंगोपन रजेची मर्यादा ७३० दिवसांची आहे. एकाच दलातील अधीक्षक आणि शिपाई यांच्यातील हा फरक नियम भिन्न असल्यामुळे आहे. तथापि बालकाची गरज दोन्ही घरी सारखीच असते, हे विसरता येत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी महिला पोलिसांची कर्तव्यवेळ १२ तासांऐवजी ८ तास करण्याचे आदेश दिले. त्यामागेही घर आणि कर्तव्य यांचा मेळ घालण्याचीच भावना होती. सार्वजनिक ठिकाणी स्तनदा मातांसाठी 'हिरकणी कक्ष' सुरू झाले. तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरून जाणाऱ्या गवळणीची कथा महाराष्ट्राच्या घराघरांत सांगितली जाते. पण तिच्या नावाने कक्ष उभारण्याचा खरा अर्थ असा की, यापुढे कोणत्याही आईवर कडा उतरण्याची पाळी येऊ नये.

अर्ज कसा करावा ?

गर्भारपणाचे निदान झाल्यावर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास लवकर कळवावे. त्यामुळे रात्रपाळी, लांबचा बंदोबस्त व कवायत यांबाबत फेरव्यवस्था करावयास अवधी मिळतो. प्रसूतीची अपेक्षित तारीख दर्शविणारे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून विहित नमुन्यातील अर्ज योग्य मार्गाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करावा. हयात अपत्यांची माहिती अचूक लिहावी. अर्जाची पोच घ्यावी. प्रसूतीनंतर बाळाच्या जन्माचा दाखला सादर करावा आणि कामावर हजर झाल्यावर रजेची नोंद सेवापुस्तकात झाली आहे, याची खातरजमा करावी. तोंडी परवानगीवर विसंबून घरी गेल्यास पुढे गैरहजेरीचा प्रश्न उद्भवतो आणि वेतन अडते.

प्रभारी अधिकाऱ्यांनीही अर्ज हाती येताच बदली कर्मचाऱ्याची मागणी वरिष्ठ कार्यालयाकडे नोंदवावी. प्रसूतीची तारीख काही महिने आधी ठाऊक असते. मोर्चा वा दंगल अचानक उद्भवते, पण बाळ पूर्वसूचना देऊन येते. ज्या ठाण्यात ही पूर्वतयारी होते, तेथे रजेवर जाणारीच्या मनात अपराधी भाव राहत नाही आणि मागे राहणाऱ्यांच्या मनात कुरकुर राहत नाही.

अपरात्री भेदरलेली एखादी स्त्री पोलीस ठाण्याची पायरी चढते, तेव्हा समोर महिला पोलीस दिसली की तिला धीर येतो. हा धीर देणारी स्त्री दलात टिकली पाहिजे, अनुभवाने वाढली पाहिजे आणि अधिकारपदापर्यंत पोहोचली पाहिजे. त्यासाठी तिच्या आयुष्यातील १८० दिवस निर्वेधपणे तिच्या बाळाचे होऊ देणे, ही समाजाने आपल्या सुरक्षिततेसाठी केलेली तरतूदच होय.