वज्रेश्वरीची सहल आणि व्हिडिओची चौकट

सहलीला निघण्याआधी घरातच एक गोष्ट ठरवून टाका: हा व्हिडिओ शेवटी कुठे बघायचा? सगळ्यांनी मिळून टीव्हीवर बघायचा असेल, तर 16:9 हे आडवे माप घ्या. आजचे टीव्ही त्याच मापाचे असतात. मोबाइल उभा धरून घेतलेला व्हिडिओ त्यावर लावला, तर पडद्याचा तिसरा हिस्साही भरत नाही, आणि आजीला नातवाचा चेहरा शोधत बसावे लागते. जुन्या 4:3 मापात निदान पाऊण पडदा भरतो.

मोबाइलमध्ये व्हिडिओसाठी 1920 × 1080 निवडा. फोटोचे माप बहुधा 4:3 असते. म्हणून फोटोच्या चौकटीत नीट बसलेली माणसे व्हिडिओवर जाताच वरून-खालून कापली जातात. आधी व्हिडिओवर या, मोबाइल आडवा करा, पडद्यावरची चिन्हे फिरली का ते बघा, मगच लाल बटण दाबा. चित्रीकरण चालू असताना मोबाइल फिरवला, तर टीव्हीवर माणसे आडवी पडलेली दिसतात.

भिवंडीहून अंबाडीमार्गे वज्रेश्वरीला पोहोचलात की आडव्या चौकटीची खरी परीक्षा सुरू होते. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यानंतर उभे राहिलेले हे देऊळ उंचावर आहे. पायऱ्या आणि कळस एका चौकटीत मावेनात की हात आपोआप मोबाइल उभा करतो. तसे करू नका. पायऱ्यांच्या कडेला उभे राहा, म्हणजे त्या चौकटीत तिरक्या चढत जातील आणि घरची मंडळी एकामागोमाग एक दिसतील. किंवा खालच्या पायरीपासून मोबाइल अगदी सावकाश वर न्या आणि वर पोहोचल्यावर तीन-चार सेकंद हलवू नका. पायरीवर कोरलेले कासव मात्र वाकून, जवळून घ्या. ते उजवीकडे ठेवा आणि हळदकुंकू वाहणारा हात डावीकडून येऊ द्या. रुंद चौकटीतली मोकळी जागा अशी कामी येते. गाभाऱ्यात मोबाइल काढण्याआधी परवानगी विचारा.

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर हीच रुंदी अडचणीची ठरते, कारण आंघोळ करणारी अनोळखी माणसेही चौकटीत येतात. तिथे जवळ जा आणि फक्त आपल्या माणसांचे चेहरे घ्या.

घरात जुन्या हँडीकॅमच्या कॅसेट असतील, तर त्या बहुतेक 4:3 मापाच्या असतात. नव्या सहलीसोबत जोडताना अख्खी फिल्म 16:9 ठेवा आणि जुना भाग दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांसह तसाच राहू द्या. पडदा भरायला तो ताणलात, तर सगळ्यांचे चेहरे पसरट होतात. कापलात, तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. त्यात मागे उभ्या आत्याचे डोके आणि पुढे बसलेली पोरे दोन्ही जातात, आणि तो माझ्या मते फार मोठा तोटा आहे. डिजिटल कॅसेटवरून घेतलेले चित्र 720 × 576 चे असते. ते 4:3 म्हणून दाखवा, नाहीतर माणसे किंचित बारीक दिसतात.

स्टेटससाठी उभा तुकडा हवाच असेल, तर तो वेगळा घ्या. जुळवाजुळव झाल्यावर मूळ फाइली पुसू नका. वर्ष आणि गावाच्या नावाने त्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि आणखी एक प्रत नात्यातल्या दुसऱ्या घरी द्या.