टरबुजाची साल बाटलीत भरण्याआधी

गंगाखेड, वैशाख शु. दशमी

चि. सोनूस,

टरबुजाच्या सालीचा पांढरा गर पाण्यात शिजवायचा, गरम असतानाच काचेच्या बाटल्यांत भरायचा, झाकणं घट्ट लावून त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या आणि वर्षभर वापरायच्या, असा तुझा आणि गटातल्या बायकांचा बेत तुझ्या पत्रातून कळला. चैत्र-वैशाखात गोदाकाठच्या वाड्यांमधून आणि आता ठिबकच्या रानांतूनही इतकं टरबूज बाजारात येतं की त्याच्या सालींचे ढीग लागतात. ते वाया जाऊ नयेत ही तुझी तळमळ मला पटते. बेत मात्र आहे तसा करू नकोस. बाटली हवाबंद केली की आतला पदार्थ टिकतो, या समजुतीवर तो उभा आहे. टरबुजाच्या बाबतीत ही समजूत धोक्याची आहे.

बाटलीत अन्न उकळून टिकवण्याची रीत फ्रान्समध्ये निकोला अपेर यांनी १८१० साली प्रसिद्ध केली. तेव्हा अन्न नासतं कशानं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सूक्ष्मजंतूंचं काम पुढं लुई पाश्चर यांनी दाखवून दिलं, आणि त्यानंतर एका वेगळ्याच जंतूची ओळख झाली. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जंतू मातीत राहतो आणि हवा नसते तिथंच वाढतो. त्याची बीजं उकळत्या पाण्यात मरत नाहीत. दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवावं तेव्हा ती मरतात. म्हणजे तुझ्या बाटलीत बाकीचे बहुतेक जंतू मरतील, हवा निघून जाईल आणि याच एकाला मोकळं रान मिळेल. त्याला रोखणाऱ्या गोष्टी दोन: आंबटपणा आणि साखर. माती परीक्षणाच्या कागदावर जो सामू लिहिलेला असतो, तो ४.६ किंवा त्याहून कमी असला तर हा जंतू वाढत नाही. टरबुजाचा सामू पाचाच्या वर असतो. मातीवर लोळून वाढणारं फळ आणि अंगात आंबटपणा नाही, तेव्हा साध्या पाण्यात शिजवलेली त्याची साल हवाबंद करून उन्हाळाभर घरात ठेवणं मला मान्य नाही. परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, हेही धरून चाल.

तू म्हणशील, आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या मुरांबे झाले, कुणी सामू मोजला नाही, कुणाला काही झालं नाही. खरं आहे. पण ते मुरांबे होते कैरीचे आणि आवळ्याचे. ही दोन्ही फळं मुळातच आंबट, त्यात साखर भरपूर. जुन्या बायकांच्या हाती दोन्ही राखणदार आयते होते. त्यांची रीत चोख होती, ती त्या फळांसाठी. तीच रीत टरबुजाला लावायची तर उणा असलेला आंबटपणा आपण घालायला हवा. शिवाय या जंतूचं विष असलेल्या अन्नाला वास यायलाच हवा असं नाही, रंगही बदलेलच असं नाही. म्हणून ‘वास बघून टाकून देऊ’ हा भरवसा इथं चालत नाही. असा प्रकार क्वचित घडतो, पण घडला तर माणसाच्या नसा लुळ्या पडतात, श्वास अडतो. दुसरी शंका कुकरची. घरच्या कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं हे बरोबर. पण बाटलीच्या मध्यभागी ती उष्णता कधी पोचते आणि किती वेळ टिकते, हे घरच्या लहान कुकरसाठी कुणी मोजून ठेवलेलं नाही. शिट्ट्यांच्या हिशेबावर ही जोखीम घेऊ नये.

म्हणून मुरांबाच कर. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ सालच्या अमेरिकी पाककृतींच्या पुस्तकातसुद्धा टरबुजाची साल साखरेतच मुरवलेली आहे. वरची हिरवी कड आणि आतला लाल गर पूर्ण काढ. पांढरे तुकडे काट्यानं टोचून चुन्याच्या निवळीत दोन-तीन तास ठेव. चुन्यातलं कॅल्शियम गरातल्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून पेठ्यासारखा करकरीतपणा येतो. पण चुना आंबटपणा मारतो; तुकडे चार-पाच पाण्यांनी धुतलेच पाहिजेत, इथं आळस नको. मग सुई सहज शिरेल इतके उकड. किलोला किलो साखर घे, पण एकदम घालू नकोस. दाट पाकात तुकडा टाकला की त्यातलं पाणी झपाट्यानं बाहेर येतं आणि तो आक्रसून चामट होतो. पहिल्या दिवशी पातळ पाक, मग रोज तुकडे काढून पाक थोडा आटवायचा आणि पुन्हा ओतायचा, असं चार-पाच दिवस. किलोमागे चार-पाच लिंबांचा रस घाल. त्यानं आंबटपणा येतो, साखरही खडे धरत नाही. शेवटचा पाक १०५ अंशांच्या आसपास, एकतारीच्या पुढं. बहुतेकजणी इथंच फसतात: त्या दिवशी पाक दाट दिसतो, पण तुकड्यांतलं पाणी आठवडाभर सुटत राहतं आणि पाक पातळ होतो. आठ दिवसांनी पुन्हा बघ, गरज वाटली तर पुन्हा आटव, आणि मगच बाटल्या भर. आता मात्र त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याचा उपयोग आहे, कारण साखरेतही तग धरणारी बुरशी आणि यीस्ट त्यानं मरतात.

साल शेळ्यांना घातली तर फुकट दूध, मग साखर कशाला जाळायची, असा आक्षेप गटातून येईल, आणि त्यात तथ्य आहे. या गराला स्वतःची चव फारशी नाही; आलं, वेलदोडा, लिंबू यांचीच चव तो घेतो. खर्चाचा मोठा भाग साखरेचा आहे. त्यामुळे सगळ्या ढिगाचा मुरांबा करायचा विचार सोड. जाड सालीची निवडक फळं घे, बाकीची साल आणि सोललेली कड गोठ्यात जाऊ दे. विकायचं ठरलं तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागेल. त्याआधी पहिल्या घाण्यातली एक बाटली कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात घेऊन जा. ते १९७६ पासून परभणीतच आहे. सामू आणि पाकातला साखरेचा अंश मोजून देतील का, ते विचार. सामू चारच्या खाली आणि साखरेचा अंश ६८ टक्क्यांच्या आसपास आला तर पुढचा घाणा लाव. नाही आला तर तो आकडा मला कळव, लिंबू किती वाढवायचं ते ठरवू.

तुझी मावशी