प्राप्त कर्मातील समाधान

हातातले काम टाकून दुसरे काही करावे, ही इच्छा गीतेच्या आरंभीच आढळते. याहून भिक्षा मागून जगणे बरे, असे अर्जुन दुसऱ्या अध्यायाच्या ५ व्या श्लोकात म्हणतो. अठराव्या अध्यायाच्या ७३ व्या श्लोकात तोच अर्जुन संदेह फिटल्याचे सांगून कर्मास सिद्ध होतो. दरम्यान रणभूमी बदलली नाही, धनुष्य बदलले नाही, समोरचे योद्धेही तेच राहिले. पालटली ती कर्त्याची दृष्टी. गृहस्थाने मनन करावे ते याचेच.

कचेरीत खातेवह्या लिहिणाऱ्यास दुकानदार सुखी वाटतो. दुकानदारास ठरल्या तारखेस पगार घेणाऱ्याचा हेवा वाटतो. चुलीपाशी राबणाऱ्या गृहिणीस दोघेही मोकळे वाटतात. परक्या कामाचा लाभ दुरून दिसतो; त्याचे कष्ट त्यात शिरल्यावाचून कळत नाहीत. याकरिताच अठराव्या अध्यायात (श्लोक ४८) अग्नी व धूर यांचा दृष्टान्त आला आहे. अग्नीबरोबर धूर, तसा प्रत्येक कर्माबरोबर काही दोष असावयाचाच. धुरास कंटाळून चूल विझविणाऱ्याचे अन्न शिजत नाही.

मग समाधान कशात आहे? त्याच अध्यायाचा ४६ वा श्लोक सांगतो की, स्वकर्म हीच परमेश्वराची पूजा होय. देवास वाहावयाचे फूल कोणी किडके निवडीत नाही. काम पूजा ठरले म्हणजे त्यातील हयगय गळून पडते, आणि नीट झालेल्या कामाचा आनंद फळाची वाट पाहत बसत नाही.

महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण एका गृहिणीच्या सांगण्यावरून धर्म शिकण्यास मिथिलेस जातो. तेथे त्यास गुरू लाभतो तो मांस विकणारा व्याध. आपला व्यवसाय सचोटीने करून आईबापांची सेवा करणे, हीच त्या व्याधाची साधना. तो कौशिकास नवे व्रत देत नाही. अनुज्ञेवाचून मागे टाकलेल्या वृद्ध मातापित्यांकडे परत धाडतो.

येथे शंका येईल की, समाधान म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे काय? मुळीच नव्हे. रास्त वेतन मागणे अथवा योग्यतेस साजेसे काम शोधणे यास गीतेची आडकाठी नाही. जन्मावरून कोणावर हलके काम लादण्यासही तिचा आधार घेऊ नये. अठराव्या अध्यायाचा ४१ वा श्लोक स्वभावजन्य गुणांविषयी बोलतो. निषेध आहे तो केवळ कष्टाच्या भयाने कर्म टाकण्याचा. अशा त्यागास त्याच अध्यायात (श्लोक ८) राजस म्हटले असून त्याचे फळ मिळत नाही असे सांगितले आहे. कंटाळून पळणारा आपला कंटाळाही बरोबर नेतो.

म्हणून रोज कामास हात घालण्यापूर्वी क्षणभर आठवावे की, हे काम कोणाच्या तरी उपयोगी पडणार आहे. खातेवहीतील अचूक बेरजेमुळे कोणाचे तरी देणे वेळेवर पोचते. वेळेवर शिजलेल्या अन्नाने कोणाची तरी भूक भागते. एवढे स्मरण राखून आजचे एक काम मन लावून पुरे करावे. समाधानाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.