आजींचा रेडिओ आणि देवळाचा अँप्लिफायर

मिरज

चि. बंडू,

तू पाठवलेले फोटो मिळाले, त्यांच्याखालचा प्रश्नही वाचला. फोनवरच उत्तर देणार होतो, पण तिथे तू माझं ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच ऐकलं असतंस. म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे.

कराडात दुकान टाकून तुला जेमतेम वर्ष झालं. मोबाइलची स्क्रीन आणि चार्जिंगची पिन यांवर दुकानाचं भाडं निघतं, आणि एकाच आठवड्यात दोन जुन्या वस्तू तुझ्या काउंटरवर आल्या. पेठेतल्या आजींचा लाकडी पेटीतला रेडिओ, आउटपुटला ईएल८४ व्हॉल्व्ह. आणि शेजारच्या गावच्या देवळाचा अँप्लिफायर, त्यात ईएल३४ ची जोडी. तू विचारतोस, ‘काका, यांत पैसे घालणं परवडेल का?’

परवडेल कुणाला, ते आधी ठरव. गिऱ्हाइकाला परवडणं वेगळं आणि तुला परवडणं वेगळं. मी चाळीस वर्षं हे काम केलं. त्यातली पहिली काही वर्षं हे दोन हिशेब एकात कालवले आणि माझं नुकसान केलं, लोकांचंही केलं. कधी सेट हातात घेतल्यावर सोडवेना म्हणून तीन-तीन दिवस त्यावर बसलो आणि पैसे एका दिवसाचे मागितले. कधी मुळात होण्यातला नसलेला सेट लोकांच्या आग्रहाखातर ठेवून घेतला.

आपल्या इथे सतारमेकरांच्या दुकानात लहानपणी मी तासन्‌तास उभा राहायचो. मोडकी सतार कुणी आणली की कारागीर तारांकडे बघतसुद्धा नसे. भोपळा आणि दांडी आधी चाचपायचा, मग बोलायचा. तारा नव्या घालता येतात. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये भोपळा आणि दांडीच्या जागी असतात ते मेन्स ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि कॉइली. बाकी सगळ्या तारा. हे तीन शाबूत असतील तर सेट होतो. यांतलं काही गेलं असेल तर हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आणि हे कळायला सेट चालू करावा लागत नाही. माझ्या दुकानाचं तिसरं वर्ष असेल. एक मास्तर सायकलच्या कॅरिअरला बांधून सेट घेऊन आले. बारा वर्षं माळ्यावर पडून होता. ‘चालतो का बघा’ म्हणाले, आणि मी त्यांच्या देखत प्लग लावला. मिनिटभर काहीच नाही, मग गुरगुर, मग मेण वितळल्याचा वास आणि धूर. मेन्स ट्रान्सफॉर्मर गेला. दुकानात येताना तो सेट चार कंडेन्सरांत बरा होणारा होता. ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळून यायला तीन आठवडे लागले. तो खर्च मी सोसला, कारण जाळला मीच होता. मास्तर एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं मला अजून लागतं.

तेव्हा आजींचा सेट बंदच ठेव आणि मीटर ओहमवर लाव. ईएल८४ च्या सात नंबरच्या पिनेपासून एचटीच्या, म्हणजे उच्च दाबाच्या पुरवठ्याच्या, मोठ्या कंडेन्सरपर्यंत मोज. काही शे ओहम आले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी जिवंत आहे. काहीच आलं नाही तर तार तुटली आहे, आणि अशा सेटमध्ये बहुतेक वेळा तीच तुटलेली असते. मग सेटचा स्विच चालू करून, पण प्लग भिंतीत न घालता, प्लगच्या दोन पिनांमध्ये मेन्सची प्रायमरी बघ. एचटीच्या सेकंडरीचे दोन्ही अर्धे साधारण सारखे यायला हवेत. शेवटी कॉइली. कोकणातून आणि गोव्यातून आलेल्या सेटांत खाऱ्या हवेने केसासारखी तार हिरवी पडून तुटते. आपल्याकडे उंदीर मुततात, परिणाम तोच. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळतो, तसे कारागीर कमी राहिले असले तरी आहेत. रेडिओच्या कॉइली मात्र तशाच दुसऱ्या मेलेल्या सेटमधून काढाव्या लागतात, आणि डायलची काच फुटली असेल तर ती सहसा कुणी करून देत नाही.

हे तिन्ही ठीक निघाले तर उरलेलं काम बहुतांशी कंडेन्सरांचं आहे. त्यातला एक तुला नीट समजावून सांगतो, कारण सेट वाचवायचा की मारायचा हे त्याच्यावर असतं. आधीच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडपासून ईएल८४ च्या ग्रिडपर्यंत आवाज नेणारा तो छोटा मेणकागदाचा कंडेन्सर. त्याने आवाज जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा. कागद जुना झाला, त्यात ओल शिरली की तो डीसी गळू देतो. समज, त्याची गळती १० मेगओहमची आहे. मीटरवर बघणाऱ्याला ती काहीच वाटत नाही. पण पलीकडे ८० व्होल्ट आहेत आणि ग्रिडचा रेझिस्टन्स ४७० किलोओहमचा आहे. हिशेब कर, ग्रिडवर साडेतीन व्होल्ट उभे राहतात, आणि तेही पॉझिटिव्ह. ईएल८४ ला २५० व्होल्टवर ४८ मिलिअँपिअरला धरून ठेवायला ग्रिडवर साधारण उणे ७.३ व्होल्टचा बायस लागतो. त्यातला निम्मा भाग त्या गळतीने खाऊन टाकला. २५० गुणिले ४८ मिलिअँपिअर म्हणजे १२ वॅट, आणि त्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडची मर्यादाही १२ वॅटच आहे. म्हणजे सगळं ठाकठीक असतानाही तो काठावर चालतो. कंडेन्सर गळला की करंट वाढतो, व्हॉल्व्ह आतून लाल होतो आणि जाता जाता आउटपुट ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. गिऱ्हाईक सांगतं, ‘आवाज थोडा फाटतोय, बाकी छान चालू आहे.’ तो फाटका आवाज ऐकूनच तू समजायचंस.

म्हणून हा कंडेन्सर तपासत बसू नकोस, बदलून टाक. नवा ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर घाल. त्याच्या बरोबरीने बाकीचे मेणकागदाचे आणि फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिकही बदल. सगळे मिळून काही शे रुपयांचा माल होतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो. जुन्या फिल्टरांच्या डब्या चासिसवरून काढू नकोस. फक्त जोडणी सोडव आणि नवे खाली बसव, वरून सेट होता तसाच दिसू दे.

पहिल्यांदा वीज देशील ती सिरीज दिव्यातून. तारेचा, जुन्या पद्धतीचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब हवा. एलईडी इथे चालत नाही, म्हणून असे चार बल्ब मिळतील तेव्हा घेऊन ठेव. बल्ब आधी झळकून मग मंद झाला तर पुढे जा. झळकतच राहिला तर लगेच बंद कर. आणि सेट बंद केल्यावरही फिल्टरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात. पाच वॅटच्या रेझिस्टन्समधून ते उतरव, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नको. चालू सेटमध्ये हात घालताना दुसरा हात पाठीमागे. हे मी शंभरदा सांगितलंय आणि पुढेही सांगणार आहे.

व्हॉल्व्हची फार काळजी करू नकोस. छोटे व्हॉल्व्ह हजारो तास टिकतात. बिघडलेल्या सेटमध्ये पाच व्हॉल्व्ह असले तर बहुधा त्यांतला एखादाच मेलेला असतो, तो आउटपुटचा नाहीतर रेक्टिफायर. ईएल८४ आजही नवा बनतो, रशियात साराटोव्हला, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये, पण इथे तो हजाराच्या पुढेच पडतो. रेडिओतले यूसीएच८१, यूबीएफ८९ यांच्यासारखे आता कुणी बनवत नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे किंवा बाहेरचे जुने शिल्लक असतील तेवढेच. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारलीस तर कधी हाती लागतात.

‘यू’चं नाव काढलं म्हणून इथे थांबतो. व्हॉल्व्हची नावं ‘यू’ने सुरू होत असतील तर त्या सेटला मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो. एसी आणि डीसी दोन्हींवर चालावा म्हणून तसा केलेला असतो, आणि त्याचा चासिस सरळ मेन्सच्या एका तारेला जोडलेला असतो. प्लग उलटा बसला की सगळं पत्र्याचं अंग २३० व्होल्टवर. बटणांचे स्क्रू कंपनीने मेणाने बुजवलेले असतात ते याच कारणाने. ते मेण परत भरल्याशिवाय असा सेट दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही. सेटच्या पिकअपच्या, म्हणजे ग्रामोफोन जोडायच्या, भोकात मोबाइल जोडून देण्याची मागणी आजकाल फार येते. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला जोड, ‘यू’च्या सेटला कदापि नाही. मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. आजींचा ‘ई’चा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा दिसतोय, पण फोटोवरून मी शपथ घेणार नाही, स्वतः बघ.

आता पैशांपेक्षा अवघड भाग. आजींना रेडिओत काय ऐकायचं आहे, ते तू विचारलंस का? विविध भारती, असं त्या म्हणतील. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली, आणि त्या पिढीच्या कानांत ती मिडियम वेव्हच्या खरखरीसकट बसली आहे. आज ती शहरांत एफएमवर लागते, आणि या सेटला एफएम नाही. मिडियम वेव्हवरची बरीच केंद्रं बंद झाली आहेत. जी आहेत त्यांच्या आवाजावर घरातले एलईडी दिवे आणि चार्जर कुरकुर चढवतात. हे तू त्यांना कामाआधी सांगायचंस. तुझ्या दुकानातला एखादा चालू छोटा सेट त्यांच्या घरी ने, मिडियम वेव्ह लाव आणि दिवसा काय लागतं, रात्री काय लागतं ते त्यांना त्यांच्या कानांनी ऐकू दे. त्यानंतरही त्या ‘कर’ म्हणाल्या तर काम घे. बऱ्याचदा लोकांना केंद्र नको असतं. डायलमागचा दिवा लागावा आणि त्या पेटीतून आवाज यावा, एवढंच हवं असतं. ट्रान्सफॉर्मरचा सेट असेल तर पिकअपमधून नातवाचा मोबाइल जोडून जुनी गाणी वाजवता येतील. ते खोटं आहे असं मला अजिबात वाटत नाही. पेटी तीच, स्पीकर तोच, आणि ईएल८४ चा तो चार-पाच वॅटचा भरदार आवाजही तोच.

एक विचारायचं राहिलं होतं. त्यांच्याकडे रेडिओच्या परवान्याचं पुस्तक असेल तर बघायला माग. पूर्वी दरवर्षी पोस्टात पैसे भरून त्यात तिकीट चिकटवावं लागे. शेवटचं तिकीट कोणत्या वर्षाचं आहे त्यावरून सेट कधीपर्यंत नक्की वाजत होता त्याचा अंदाज येतो.

देवळाच्या अँप्लिफायरचं मात्र मन घट्ट करून सांगतो. परत पाठव. ईएल३४ ची जोडी, चारशेच्या आसपासचा एचटी, आणि आरतीच्या वेळी तो चालू-बंद करणारी शाळेतली पोरं. तुझ्या फोटोत मागची जाळी नाहीच. दोन व्हॉल्व्ह, फिल्टर आणि मजुरी यांच्या पैशांत तेवढ्याच वॅटचा नवा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर येतो, वीज कमी खातो आणि गॅरंटीसह येतो. त्यांचे भोंगे लाइन ट्रान्सफॉर्मरवर असतील, तर नव्या अँप्लिफायरच्या १०० व्होल्टच्या टोकांना ते तसेच जोडता येतील, वायरिंगही बदलायला नको. विश्वस्तांना हे सगळं सांग, कोणता घ्यायचा तेही सांग, आणि भोंगे जोडून देण्याची मजुरी घे. जुना अँप्लिफायर ‘द्या आम्हाला टाकून’ म्हणून फुकट ठेवून घेऊ नकोस. त्याच्या ट्रान्सफॉर्मरांना आणि व्हॉल्व्हना हौशी लोकांत किंमत आहे. ती त्यांना सांगून, योग्य दाम देऊनच घे. न सांगता घेतलेली वस्तू चोरलेली वस्तू असते.

पुढे २एन३०५५ लावलेले ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर येतील, ते बिनधास्त घेत जा. सुटे भाग मिळतात, काम स्वच्छ असतं. फक्त बाजारात नकली ३०५५ भरपूर आहेत, ओळखीच्या दुकानातूनच घे.

तुझ्या हिशेबाबद्दल एवढंच. तपासणीचे पैसे वेगळे घे आणि काम झालं तर ते बिलातून वजा कर. तपासल्यावर खर्चाचा आकडा कागदावर लिहून दे. त्याच्या वर गेलं तर डाख सोडवण्याआधी पुन्हा विचार. मी हे करत नव्हतो, म्हणून शेवटी गिऱ्हाईक आकडा ऐकून गप्प व्हायचं आणि मी निम्मे पैसे सोडायचो. काढलेले जुने कंडेन्सर पिशवीत घालून सेटबरोबर परत दे. आणि एका सेटला दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर तसं आधीच सांग. जुन्या सेटवर जीव जडतो, मलाही जडायचा. त्या जीव जडण्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून मागता येत नाहीत. तुला ते शिकायचं असेल तर स्वतःसाठी एक सेट घे आणि रविवारी त्यावर बस.

तेव्हा देवळाचा अँप्लिफायर उद्याच परत पोचव. आजींचा सेट ठेव, प्लगला हात लावू नकोस. सात नंबरच्या पिनेपासून एचटीपर्यंत किती ओहम आले ते मला शनिवारपर्यंत कळव.

तुझा,
काका