सहीच्या आधी समजून घ्या : पिशवीचा तुकडा तपासताना



या वेळी आरोग्याच्या पानावर आपण एका छोट्या तपासणीचा आणि एका सहीचा धडा घेणार आहोत. तपासणी म्हणजे बायोप्सी, आपल्या बोलीत ‘तुकडा काढणे’. आणि सही म्हणजे त्याआधी आपल्यापुढे सरकवला जाणारा संमतीचा कागद.

तुळिंजमधल्या आपल्या बहुतेक बाया पहाटेची कामे उरकून लोकल पकडतात, नाहीतर वसई-नालासोपाऱ्याच्या गाळ्यांत कामाला जातात. दवाखान्यात जायचे म्हणजे एक खाडा. अंगावरून जास्त जाते, पाळी बंद होऊन दोन वर्षांनी पुन्हा डाग दिसतो, पांढरे पाणी थांबत नाही, तरी ‘बघू पुढच्या महिन्यात’ असे म्हणत दिवस जातात. शेवटी जायचे ठरते. रांगेत तीन तास जातात, आत तीन मिनिटे मिळतात, आणि डॉक्टर म्हणतात, “तुकडा काढून तपासायला पाठवू. इथे सही करा.” कागद इंग्रजीत असतो. मागे रांग असते. बाई सही करते किंवा अंगठा देते.

त्या सहीचा अर्थ काय आणि ती कधी खरी ठरते, हे आपण आज शिकू.

तुकडा कुठला आणि कशासाठी?

ओपीडीतच, भूल न देता, दोन प्रकारे तुकडा काढतात.

पहिला प्रकार पिशवीच्या तोंडाचा. व्हिनेगरसारखे पातळ औषध लावून पिशवीचे तोंड पाहतात. औषध लावल्यावर काही भाग पांढरा पडला, किंवा पॅप किंवा एचपीव्ही तपासणीत काही आढळले, तर दुर्बिणीतून बघून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्याने घेतात. त्या क्षणी चिमटा बसल्यासारखे दुखते.

दुसरा प्रकार पिशवीच्या आतल्या अस्तराचा. पाळी जास्त जाते, मध्येच रक्त जाते किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त जाते, तेव्हा हा करतात. बारीक, लवचिक नळी पिशवीत घालून अस्तराचा थोडा भाग ओढून घेतात. एक-दोन मिनिटांचे काम असते, पण तेवढ्या वेळात पाळीच्या कळांसारख्या जोरदार कळा येऊ शकतात. काहींना थोडेच जाणवते, काहींना खूप दुखते. म्हणून कोणी ‘काही होत नाही’ एवढेच सांगितले तर ते सांगणे अपुरे आहे.

तुकडा काढला म्हणजे कॅन्सर झाला, असे नाही. कॅन्सर आहे की नाही, हे कळावे म्हणूनच तुकडा काढतात. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर व्हायला बहुधा अनेक वर्षे लागतात. त्याआधीच्या बदलांना रिपोर्टात ‘सीआयएन’ लिहितात. सीआयएन म्हणजे कॅन्सर नव्हे. त्यातला पहिल्या पायरीचा बदल पुष्कळदा आपोआप बरा होतो. पुढच्या पायऱ्यांवर तेवढाच भाग जाळून किंवा कापून काढता येतो. त्यासाठी बहुधा पिशवी काढावी लागत नाही.

तपासणीला घाबरून पळू नये, याचा पुरावा आपल्यासारख्याच वस्त्यांतून मिळाला आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन एक अभ्यास केला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या महिलांनी व्हिनेगरची तपासणी केली. ज्यांच्यात काही आढळले त्यांना पुढच्या तपासणीला नेले. २०१३ मध्ये निष्कर्ष आला : तपासणी झालेल्या वस्त्यांत पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. मात्र याच अभ्यासावर एक प्रश्नही उभा राहिला. तुलनेसाठी ज्या वस्त्यांत तपासणी केली नव्हती, तिथल्या स्त्रियांना पुरेशी माहिती देऊन संमती घेतली होती का, यावर पुढे वाद झाला. काम चांगले असले तरी विचारणे आणि समजावणे सुटत नाही.

सहीचा अर्थ किती?

१९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक स्त्री जास्त रक्तस्राव होतो म्हणून डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीने तपासणी करायची ठरली आणि त्यासाठी भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिची गर्भपिशवी आणि बीजकोश काढून टाकले. ती न्यायालयात गेली. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सामीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात निकाल दिला. तपासणीला दिलेली संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही. जिवाला तातडीचा धोका नव्हता, म्हणून रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. सज्ञान बाईच्या शरीराबद्दल आईची सही चालत नाही.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी पक्क्या होतात. तुकड्यासाठी केलेली सही तुकड्यापुरतीच असते. आणि सही आपली असते. अठरा वर्षांवरील बाईच्या बायोप्सीला नवऱ्याची, सासूची किंवा मुलाची सही लागत नाही. कोणाला सोबत न्यायचे असेल तर अवश्य न्या, पण निर्णय तुमचा.

न समजता दिलेल्या होकाराची किंमत आपल्या महाराष्ट्राने पाहिली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये पुढे आले. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कित्येकींनी सांगितले की ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली होती. त्याही बायांनी कागदावर सह्या केल्याच असतील. पण खाडा परवडत नाही, कागद वाचता येत नाही, डॉक्टरांपुढे तोंड उघडायची सवय नाही, अशा वेळी केलेल्या सहीला संमती म्हणणे कठीण आहे. म्हणून एक गोष्ट गाठीशी बांधा : कोणी कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढायला सांगितले, तर आधी तुकड्याचा रिपोर्ट मागा आणि तो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

सहा प्रश्न

न्यायालयाने त्या निकालात डॉक्टरांनी काय सांगायला हवे ते ठरवून दिले. त्याचे सोपे प्रश्न असे :

१. काय करणार आणि कशासाठी? तोंडाचा तुकडा की आतल्या अस्तराचा? काय शोधत आहात?

२. दुसरा मार्ग आहे का? आधी सोनोग्राफी करून चालेल का? खूप भीती वाटत असेल तर भूल देऊन करता येईल का?

३. धोका काय? थोडे रक्त जाणे आणि कळा येणे नेहमीचे आहे. जंतुसंसर्ग कधीतरी होतो. नळीने पिशवीला इजा होणे क्वचित घडते. कधी तुकडा अपुरा निघतो आणि पुन्हा काढावा लागतो.

४. नाही केले तर काय होईल? थोडे दिवस थांबले तर चालेल का?

हे चार न्यायालयाचे. दोन आपल्या वस्तीचे :

५. दुखू नये म्हणून काय देणार? आधी गोळी घ्यायची का, कोणती, किती वेळ आधी? जागा बधिर करता येईल का?

६. खर्च किती, आणि रिपोर्ट कधी, कोणाकडून मिळेल? तुकडा काढण्याचे आणि लॅबचे पैसे वेगळे असतात का?

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या आणि तो कागद सरळ डॉक्टरांपुढे ठेवा. संमतीचा कागद इंग्रजीत असेल तर ‘मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवा’ म्हणा. अंगठा देणार असाल तर आपल्या माणसासमोर कागद वाचून घ्या. कोरी जागा असलेल्या कागदावर सही करू नका. ‘घरी विचार करून येते’ म्हणायचाही तुम्हाला अधिकार आहे. पण पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर विचार करायला चार दिवस पुरेत, चार महिने नकोत.

प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरांना त्याने मदतच होते, कारण जिला काय होणार ते माहीत असते ती बाई कमी घाबरते.

आपणही सांगायचे

समजून घेणे दोन्ही बाजूंनी असते. आपण डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगाव्यात : शेवटची पाळी कधी आली, दिवस गेल्याची शंका आहे का (गरोदरपणात आतल्या अस्तराचा तुकडा काढत नाहीत), तांबी बसवली आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कोणत्या औषधाने अंगावर चट्टे उठतात का, साखर, दमा किंवा हृदयाचा आजार आहे का.

तपासणीच्या वेळी

पुरुष डॉक्टर असतील तर जवळ एक बाई असावी, हा रुग्णाचा हक्क आहे. नर्स नसेल तर आपल्या सोबतच्या बाईला आत घ्या. पडदा नसेल तर मागा. भूल देणार नसतील तर उपाशी जाऊ नका, चक्कर येते. सुरू करण्याआधी सांगून ठेवा, “मी ‘थांबा’ म्हटले की थांबा.” सही केली म्हणून मधे नको म्हणण्याचा हक्क संपत नाही.

घरी आल्यावर

दोन-चार दिवस थोडे रक्त किंवा काळपट स्राव जाऊ शकतो. रक्त थांबवायला लावलेल्या औषधानेही तसा रंग येतो. पॅड किंवा स्वच्छ कापड वापरा. डॉक्टर सांगतील तितके दिवस नवऱ्याजवळ जाणे टाळा. हे नवऱ्यालाही आधीच समजावून सांगा.

तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागला, ताप आला, घाण वासाचा स्राव जाऊ लागला किंवा ओटीपोटात सहन न होण्याइतके दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जा.

रिपोर्ट स्वतः आणा. ‘काही निघाले असते तर त्यांनी फोन केला असता’ या भरवशावर राहू नका. केसपेपर, सोनोग्राफी आणि रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा. आपल्या कागदांची प्रत मागणे हाही आपला हक्क आहे. रिपोर्टात एचपीव्ही लिहिले असेल तर त्यावरून कोणत्याही बाईच्या चारित्र्यावर बोलू नये. हा विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि पुष्कळदा आपोआप जातो.

उजळणी

महिला मंडळाच्या बैठकीत हा धडा एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी उत्तरे द्यावीत :

तुकड्यासाठी सही केली, म्हणजे पिशवी काढायला होकार झाला का?

बायोप्सीला नवऱ्याची सही लागते का?

सहा प्रश्न कोणते?

रिपोर्टात सीआयएन आहे, म्हणजे कॅन्सर आहे का?

पाळी गेल्यावर रक्त दिसले तर किती थांबायचे?

सहा प्रश्नांचा कागद प्रत्येकीने आजच लिहून केसपेपरच्या पिशवीत ठेवावा. आणि शेजारची कोणी गेले कित्येक महिने ‘बघू’ म्हणत असेल, तर पुढच्या ओपीडीला तिच्यासोबत जावे. एकटीला आत विचारायला जड जाते, सोबत कोणी असले की विचारता येते.