लिंगओळख विचारताना

आरोग्याच्या पाहण्यांसाठी प्रश्नावल्या तयार करायच्या आणि गावोगाव जाऊन त्या तपासायच्या, हे माझे काम. लिंगओळखीचा प्रश्न निघाला की बैठकीचा सगळा वेळ पर्यायांवर जातो. दोन ठेवायचे, तीन की पाच? फसगत मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच होते.

कोल्हापूरकडच्या एका पाहणीत पर्याय चांगले होते. पण प्रश्न ओसरीवर, शेजाऱ्यांच्या देखत विचारला जाई आणि सगळ्या घराची उत्तरे एकटा कर्ता पुरुष देई. त्या घरातली तृतीयपंथी लेक कागदावर 'मुलगा'च राहणार. २०११च्या जनगणनेत 'इतर' या नोंदीखाली ४,८७,८०३ जण आले. त्यांतली ५४,८५४ सहा वर्षांपर्यंतची मुले होती. ती नोंद त्या मुलांनी नक्कीच सांगितलेली नाही. म्हणून हा प्रश्न ज्याचा त्याला, एकट्याला विचारा. उत्तर तोंडी देण्याऐवजी स्वतः खूण करता आली तर फारच बरे.

दुसरा धोका मला जास्त छळतो. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत सोळा वर्षांपासून पुढच्या लोकांना पहिल्यांदाच विचारले गेले, की जन्मवेळी नोंदवलेले लिंग आणि तुम्ही मानता ती ओळख एकच आहे का. २,६२,००० जणांनी, म्हणजे ०.५ टक्के लोकांनी, 'नाही' म्हटले. पुढे दिसले, की ज्यांना इंग्रजी नीट येत नाही त्यांच्यात हे प्रमाण जास्त होते. अनेकांना प्रश्न उमगलाच नसावा. २०२४ मध्ये या आकडेवारीचा मान्यताप्राप्त दर्जा काढून घेतला गेला.

हिशेब करून पाहा. दहा हजारांत पारलिंगी व्यक्ती पन्नास धरा. उरलेल्यांपैकी शंभरात एकाने गोंधळून चुकीची खूण केली, तरी जवळपास शंभर जण त्याच रकान्यात येतात. मग तिथले शिक्षण, उत्पन्न, आजार सगळे भलत्यांचेच. ज्यांच्यासाठी प्रश्न घातला, तेच त्यात बुडून जातात.

तेव्हा चाचणी फक्त पारलिंगी गटांत घेऊ नका. या गोष्टीचा कधी विचारच न केलेल्या आज्या, ऊसतोड मजूर, घरात दुसरी भाषा बोलणारी कुटुंबे यांच्याकडे जा. प्रश्न वाचून दाखवा आणि 'काय विचारलं, सांगा बरं' म्हणा. तिथे लगेच कळते. वाक्य लांबत असेल तर दोन प्रश्न करा. कॅनडाने २०२१ मध्ये जन्मवेळचे लिंग आणि आजची ओळख वेगवेगळी विचारली. पण जन्मवेळचे लिंग सरसकट विचारू नका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पाहणीत ते लागते, बसप्रवासाच्या पाहणीत नाही.

आपल्याकडे यल्लम्मा देवीला वाहिलेले जोगतेही आहेत. त्यांच्या ओळखीत देवी आहे, परडी आहे, गुरूचे घर आहे. परदेशी नमुन्यातून उचललेल्या पर्यायांत त्यांना कोंबू नका. मोकळी ओळ ठेवा आणि ते म्हणतील तेच लिहा. वर्गवारी नंतर कार्यालयात बसून करता येते.

आणि गावनिहाय तक्ते छापू नका. त्या रकान्यात गावातली एकच व्यक्ती असेल, तर नाव नसले तरी अख्ख्या गावाला कळते. जिल्ह्याखालचा आकडा मी कुणालाच देत नाही, मागणारा कितीही मोठा अधिकारी असला तरी.