राजीनामा कधी द्यावा?

प्रश्न : साताऱ्यात खासगी कंपनीत चार वर्षं आहे. नोकरी सोडून मसाल्यांचा व्यवसाय करावा का?

उत्तर : व्यवसाय करा, पण राजीनामा आत्ता देऊ नका. सलग ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. तो वर्षभरासाठी गमावू नका. मसाल्यात भांडवल एकदम अडकतं. मिरची हंगामात, उन्हाळ्याच्या तोंडावर वर्षभराची भरावी लागते, पैसे मात्र पुड्या विकल्या जातील तसे सुटतात. म्हणून घरखर्चाची रक्कम वेगळी ठेवा, पीएफ मोडू नका. घरी कुटलेल्या मसाल्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती आधी घ्या. मग रविवारी थोडा माल विका. नातेवाईक प्रेमापोटी घेतील. अनोळखी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतंय का, ते वहीत लिहा. ती वही पाहूनच राजीनाम्याची तारीख ठरवा.